एका ‘ऱ’नं पाडलेली टेस्ट

आजचा इतिहास फक्त एका अक्षराचा आहे: ‘ऱ’.

मी शिरड शहापूरचा. हळदीच्या नोंदी ठेवायला छोटंसं सॉफ्टवेअर लिहीत होतो. त्यात ‘शेतकऱ्यांची यादी’ नावाची फाईल बनायची आणि नंतर फोल्डरमधल्या नावांशी ताडून ती शोधली जायची. हे नीट होतंय का, ते एक ऑटोमेटेड टेस्ट तपासायची. माझ्या लिनक्स लॅपटॉपवर पास; मित्राच्या जुन्या मॅकवर नापास! पडद्यावर दोन्ही नावं अगदी सारखी. वैतागून मी टेस्टच काढून टाकणार होतो.

मग मुळाशी गेलो. १९९१ साली युनिकोड आलं. त्यातली देवनागरीची मांडणी भारताच्या १९८८च्या इस्की मानकावर बेतलेली. तिथं ‘ऱ’ दोन प्रकारे लिहिता येतो: एकच अखंड चिन्ह, किंवा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता. ॲपलनं १९९८ मध्ये आणलेली एचएफएस प्लस ही फाईल सिस्टीम नाव साठवताना असं अक्षर फोडायची. लिनक्स सहसा दिलेलं नाव जसंच्या तसं ठेवतं. २०१७ मध्ये आलेली ॲपलची एपीएफएससुद्धा तसंच ठेवते. म्हणजे मॅक-मॅकमध्येही फरक!

उपाय साधा निघाला. ताडण्याआधी दोन्ही नावं युनिकोडच्या एनएफसी या एकाच रूपात आणायची. आणि प्रत्येक बदलानंतर टेस्ट लिनक्स, विंडोज, मॅक अशी तिन्हीकडं चालवायची.

टेस्ट काढली असती तर लाल खूण गेली असती, पण कुणाच्या तरी मॅकवर शेतकऱ्यांची यादी सापडलीच नसती. टेस्ट खरंच बोलत होती, बरं का. मीच उशिरा ऐकलं.

भेटूया पुढच्या भागात!