राजाश्रय, लोकाश्रय आणि अनुदान

कलेला राजाश्रय हवा की लोकाश्रय, हा वाद फार जुना आहे. विसाव्या शतकात त्यात अनुदान या तिसऱ्या आश्रयाची भर पडली. ब्रिटनमधील त्याचा इतिहास आपल्या धर्मग्रामांतील हौशी नाट्यमंडळांनी आणि गायकवृंदांनी जाणून घ्यावा असा आहे.

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. रात्री दिवे मालवले जाऊ लागले, नाट्यगृहांना टाळी लागली. अशा काळात जनतेचे मनोधैर्य टिकावे म्हणून जानेवारी १९४० मध्ये संगीत व कलांना उत्तेजन देणारे एक मंडळ स्थापन झाले. ‘सेमा’ या संक्षिप्त नावाने ते ओळखले जाई. त्याचा आरंभीचा पैसा सरकारी नव्हता. एडवर्ड हार्कनेस या अमेरिकन दानशूराच्या देणगीतून १९३० साली उभ्या राहिलेल्या पिलग्रिम ट्रस्टने २५,००० पौंड दिले. त्यानंतर सरकारने तेवढीच भर घातली.

प्रारंभी मंडळाचा भर सामान्य माणसाने स्वतः गावे, वाजवावे, नाटक करावे यावर होता. संगीताचे जाणकार खेडोपाडी फिरून गायकवृंद उभे करीत. त्याचबरोबर ‘ओल्ड विक’ ही नामांकित नाट्यसंस्था वेल्समधील खाणकामगारांच्या वस्त्यांत प्रयोग घेऊन गेली. सिबिल थॉर्नडाइक यांच्यासारखी श्रेष्ठ अभिनेत्री त्या दौऱ्यात होती.

१९४२ मध्ये अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स अध्यक्ष झाले. कलेची गुणवत्ता व्यावसायिक कलावंतच राखू शकतात, अशी त्यांची धारणा होती. त्याच वर्षी पिलग्रिम ट्रस्ट बाजूला झाला, सर्व भार सरकारवर आला आणि हौशी मंडळे हळूहळू मागे पडली. एप्रिल १९४६ मध्ये केन्स निवर्तले. ऑगस्टमध्ये या मंडळाच्या जागी आलेल्या ‘आर्ट्स कौन्सिल’ला राजसनद मिळाली.

या संस्थेने एक मोलाचा दंडक घालून दिला. एकूण रक्कम सरकारने ठरवावी. ती कोणाला द्यावयाची, हे मात्र मंडळाने ठरवावे. त्यामुळे कोणते नाटक व्हावे, हे मंत्र्याच्या मर्जीवर राहिले नाही. परंतु मंडळाचीही स्वतःची आवडनिवड होतीच. मोठा वाटा लंडनच्या भव्य संस्थांकडे वळला आणि १९५६ पर्यंत इंग्लंडमधील प्रादेशिक कार्यालये बंद झाली.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस कामगारवस्त्यांतून नवी चळवळ उभी राहिली. रहिवाशांनीच भित्तिचित्रे रंगवावीत, आपल्या जीवनावर नाटके रचावीत, असा तिचा आग्रह होता. ही कला म्हणावी की समाजसेवा, असा पेच कौन्सिलपुढे पडला. अखेर १९७४ च्या बॉल्ड्री समितीच्या अहवालाने या सामूहिक कलेला अनुदान देण्याची शिफारस केली. १९४० मध्ये जो विचार उंबरठ्याच्या आत होता, त्याला पुन्हा आत येण्यासाठी तीन दशकांहून अधिक काळ दार ठोठवावे लागले.

अनुदान ही वाईट गोष्ट नव्हे. परंतु पैशाबरोबर देणाऱ्याचा मापदंडही येतो आणि तो बदलला की कालचे लाडके आज परके होतात. म्हणून मंडळाचा पाया आपल्या माणसांच्या वर्गणीवर असावा; अनुदानाने त्यावर मजला चढवावा. शुभवर्तमानातील गरीब विधवेच्या दोन दमड्या प्रभूने सर्वांत मोठ्या मानल्या. ज्या मंडळामागे अशा दमड्या उभ्या असतात, त्याचा पडदा अनुदान थांबले तरी खाली येत नाही.