बळाचा आंकडा

दोन वीरांत श्रेष्ठ कोण, हा वाद वीरकथेइतकाच जुना. जपानांत त्याला आंकड्यांची जोड मिळाली. अकिरा तोरियामा यांची ‘ड्रॅगन बॉल’ ही चित्रकथा १९८४ ते १९९५ या काळांत साप्ताहिकांतून प्रसिद्ध झाली. १९८६ पासून ती अनिमेरूपानें दूरचित्रवाणीवरहि आली. तींतील परग्रहवासी योद्धे कानाला अडकविलेल्या यंत्राच्या भिंगांतून प्रतिपक्षाचें बळ मोजतात. बंदूकधारी शेतकऱ्याचें बळ ५ भरतें. फ्रीझा आपलें ५,३०,००० सांगतो. वाचकांच्या हातीं जणूं तराजूच आला! परंतु कथेंत हा तराजू वारंवार फसतो. गोकू व त्याचे सोबती आपलें बळ लपवितात, ऐन वेळीं वाढवितात. यंत्रावर विसंबणारे गाफील राहून पराभूत होतात. पुढें कथेनेंच आंकडे मागें टाकले. वाचकांनीं मात्र ते उराशीं धरले, आणि २०२४ सालीं तोरियामा निवर्तल्यावरहि तो वाद मिटलेला नाहीं.