दोन फटफट्यांचे भांडण



या व्यासपीठावरून मराठेशाहीवर आणि संतवाङ्मयावर विद्वानांची व्याख्याने झाल्यावर मी फटफटीवर बोलायला उभा राहतो, हे धारिष्ट्य आहे खरे. पण इतिहास फक्त गडकोटांवरच घडतो असे थोडेच आहे? तो रस्त्यावरही घडतो आणि रस्त्यावरचा इतिहास लिहून ठेवायला सहसा कोणी बखरकार नसतो. म्हणून आज मी आपल्यापुढे एक भांडण मांडणार आहे. हे भांडण मोठे प्रेमाचे. ते सत्तर वर्षांपूर्वी आपल्या देशात आले आणि अजून मिटलेले नाही. मिटावे असे भांडणाऱ्यांपैकी कोणाला वाटतही नाही.

मोटारसायकलवाल्यांत दोन जाती आहेत. एकाला गाडीवर ऐसपैस बसायला हवे असते. पाठ ताठ, हात सैल, इंजिनाचा ठेका संथ आणि पुढे लांबच लांब रस्ता. अशा गाडीला आज क्रूझर म्हणतात. दुसऱ्याला टाकीवर ओणवे होऊन, गुडघ्यांनी गाडी आवळून, वळणावर तिला जमिनीकडे झुकवत न्यायची असते. ती स्पोर्ट गाडी. पहिला दुसऱ्याला विचारतो, "कुठे आग लागली आहे का रे?" दुसरा पहिल्याला विचारतो, "वरात कुणाची?" मराठी माणसाला हा संवाद परका वाटू नये. आपल्याकडे ख्याल ऐकणारे आणि नाट्यसंगीत ऐकणारे पिढ्यान् पिढ्या असेच एकमेकांना चिमटे काढत आले आहेत.

आपल्या देशात संथ गाडीवाल्यांचे दैवत म्हणजे बुलेट. पण या दैवताचे मूळ शोधू लागलो की मोठी गंमत होते. रॉयल एन्फील्ड हे नाव इंग्लंडमधल्या एन्फील्ड येथील सरकारी शस्त्रशाळेवरून आले. रेडिच गावच्या या सायकल कंपनीने शस्त्रशाळेला सुटे भाग पुरवले होते, म्हणून तिने बंदुकीसारखी घडवलेली गाडी असे बिरुद घेतले. तिची पहिली मोटारसायकल 1901 सालची. पुढे तीसच्या दशकात 'बुलेट' हे नाव आले आणि आज आपण जिला ओळखतो ती 350 सी.सी.ची बुलेट दुसऱ्या महायुद्धानंतर, 1948-49 च्या सुमारास पुढे आली. ती कशी आली? संथपणे नव्हे! खाचखळग्यांतून, चिखलातून, दगडधोंड्यांतून गाड्या न्यायच्या ज्या शर्यती इंग्लंडात होत, त्यांतून ती आली. मागच्या चाकाला झुलत्या दांड्याचे आणि शॉक ॲब्सॉर्बरचे निलंबन देणे त्या काळी धाडसाचे मानले जाई. पुष्कळ जाणत्यांना वाटे, की मागचे चाक असे हलू दिले तर गाडी भरकटेल. बुलेटने ते निलंबन घेतले, 1948 साली इटलीतल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय कसोटीत ती उतरली आणि सुवर्णपदके घेऊन परतली. म्हणजे आपण जिला आज शांत प्रकृतीची आजीबाई समजतो, ती तरुणपणी आखाड्यातली पोरगी होती!

एवढेच नव्हे. त्याच कंपनीने 1964-65 साली काँटिनेंटल जी.टी. नावाची 250 सी.सी.ची गाडी काढली. त्या काळी इंग्रज तरुणांत एका हॉटेलापासून दुसऱ्या हॉटेलापर्यंत भरधाव जाण्याचे वेड होते, त्या वेडासाठीच ती बनवली होती. तिची जाहिरात व्हावी म्हणून कंपनीने स्वारांच्या साखळीने ती स्कॉटलंडच्या उत्तर टोकापासून इंग्लंडच्या नैऋत्य टोकापर्यंत चोवीस तासांच्या आत नेऊन दाखवली. तेव्हा 'एन्फील्ड म्हणजे संथ' हे समीकरण इंग्लंडात कोणी मांडले असते, तर त्याला हसूनच घालवले असते.

मग ती संथ झाली कोठे? माझे उत्तर असे, की ती आपल्याकडे येऊन संथ झाली. पन्नाशीच्या आरंभी भारतीय लष्कराला सरहद्दीवर फिरायला दणकट गाडी हवी होती. सुमारे 800 बुलेटांची मागणी गेली आणि 1955 साली मद्रास मोटर्सबरोबर भागीदारी होऊन मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे कारखाना उभा राहिला. आधी इंग्लंडातून आलेले भाग जोडत, मग सगळेच भाग येथे होऊ लागले. तिकडे रेडिचचा कारखाना 1967 साली बंद पडला आणि 1970 साली कंपनीचा इंग्लंडातला संसारच आटोपला. आई गेली आणि सासरी दिलेली मुलगी मात्र आईच्याच काळातला पोशाख घालून तीस-चाळीस वर्षे नांदत राहिली. तिच्यात बदल करण्याची गरज कोणाला भासली नाही, कारण आपल्या बंदिस्त बाजारात गिऱ्हाईक रांगेत उभे होते. जग पुढे गेले, ती जागच्या जागी राहिली आणि आपण तिला 'क्रूझर' म्हणू लागलो. जो गुण म्हणून आपण मिरवतो, त्याच्या मागे परवाना-पद्धतीची सुस्तीही आहे, हे बुलेटप्रेमी श्रोत्यांनी मला क्षमा करून मान्य करावे.

आता प्रतिपक्ष. चेकोस्लोव्हाकियात फ्रान्तिशेक यानेचेक नावाचा शस्त्रांचा कारखानदार होता. पहिले महायुद्ध संपले, शस्त्रांची मागणी ओसरली, तेव्हा त्याने 1929 साली जर्मनीच्या वाँडरर कंपनीकडून मोटारसायकलीचे हक्क घेतले आणि आपल्या व वाँडररच्या नावाची आद्याक्षरे जोडून 'जावा' हे नाव पाडले. म्हणजे पहा, दोघीही शस्त्रशाळेच्या लेकी! मुंबईच्या इराणी कुटुंबाने ही गाडी आपल्याकडे आणली आणि 1960-61 मध्ये म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना सुरू झाला. परदेशी करार संपल्यावर, 1973 पासून हीच गाडी 'येझदी' या नावाने निघू लागली.

दोघींच्या स्वभावातला फरक इंजिनात होता. बुलेटचे इंजिन फोर-स्ट्रोक. क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो, दट्ट्याचा पल्ला लांब, फ्लायव्हील जड, म्हणून तो धीरगंभीर धडधडाट. जावाचे टू-स्ट्रोक, प्रत्येक फेरीला स्फोट, पेट्रोलातच ऑइल मिसळायचे, मागे निळसर धूर आणि आवाज फडफडता. बुलेट सुरू करणे हा विधी होता. किक हळूहळू दाबत अँपिअर-मीटरचा काटा मध्यावर आणायचा, छोटी दांडी ओढून सिलिंडरमधला दाब सोडायचा, मग किक थोडी पुढे सरकवायची आणि एकदाच अंगातला सगळा जोर लावायचा. चुकले तर किक उलटून पोटरी फोडी. जावाला यातले काही नको. तिची किकची दांडी तीच गियरची दांडी, आणि क्लच न दाबताही गियर पडत. बुलेटचा गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, जावाचे नेमके उलटे. या शेवटच्या गोष्टीवर एक किस्सा सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही.

माझ्या थोरल्या काकांकडे बुलेट होती आणि शेजारच्या अण्णांकडे येझदी. ही गोष्ट 1976 सालची. दोघे वाईहून पसरणीच्या घाटाने पाचगणीला शर्यत लावून निघत. हरणाऱ्याने वर पोचल्यावर चहा आणि भजी द्यायची. काका येझदीला 'डास' म्हणत, अण्णा बुलेटला 'म्हैस'. सुरुवातीला डास पुढे जाई. घाट चढताना एखादे वेळी त्याच्या प्लगवर काजळी धरे आणि अण्णा कठड्याशी बसून पॉलिश पेपरने प्लग घासताना दिसत. तेवढ्यात म्हैस मागून गियर न बदलता धडधडत येई. काका थांबत. थांबत, हे महत्त्वाचे. पान्याची पिशवी काढून देत, प्लग साफ झाला की अण्णांना आधी निघू देत आणि मग शर्यत पुन्हा सुरू होई.

एकदा परतीच्या वेळी गाड्यांची अदलाबदल ठरली. उताराच्या वळणावर काकांनी सवयीने ब्रेक म्हणून डावा पाय दाबला. तो पडला गियरवर. गाडी उसळली, काका पुढच्या ब्रेकच्या आधाराने कसेबसे रस्त्याकडेच्या खडीत जाऊन बसले. मागून अण्णांनीही उजव्या पायाने ब्रेक शोधला आणि ते काकांना ओलांडून पुढच्या वडापाशी थांबले. कोपर सोलटण्यापलीकडे काही झाले नाही. पण त्या दिवसापासून एकमेकांच्या गाडीची टिंगल करताना दोघांच्याही बोलण्यात थोडी अदब आली, असे काकू सांगत.

ऐंशीच्या दशकात जपानी गाड्या आल्या. 1983 साली एस्कॉर्ट्सने राजदूत 350 काढली. ती मुळात यामाहाची आर.डी. 350, दोन सिलिंडरांची आणि तेव्हाच्या आपल्या रस्त्यांना न झेपणाऱ्या वेगाची. 1985 साली यामाहाची आर.एक्स. 100 आली. ती हलकी, किरकोळ दिसणारी आणि सिग्नल सुटताच भल्याभल्यांना धूर दाखवणारी. येझदीवाले एका रात्रीत म्हातारे झाले! कालपर्यंत जे वेगाचे पुरस्कर्ते होते, ते आज बुलेटवाल्यांशेजारी बसून नव्या पोरांना नावे ठेवू लागले. संथ कोण आणि चपळ कोण, हे गाडीवर ठरत नाही, शेजारी कोण उभे आहे त्यावर ठरते. रेडिचची बुलेट इकडे येऊन संथ झाली ती याच न्यायाने.

हा वेग फुकट मिळाला नाही. आमच्या आळीतला एकोणीस वर्षांचा मुलगा अशाच एका चपळ गाडीवरून पुण्याकडे जाताना गेला. डोक्यावर काही नव्हते. हेल्मेट सक्तीचे करणारा मोटार वाहन कायदा 1988 चा, तो 1 जुलै 1989 पासून अमलात आला. त्यानंतरही पुण्यात हेल्मेटविरोधी मोर्चे निघाले, हे आपण पाहिले आहे. त्या वर्षी काका आणि अण्णा दोघांनीही पसरणीची शर्यत केली नाही. कोणी ठरवले नव्हते. विषयच निघाला नाही, इतकेच.

पुढे धुराचे नियम आले. 1996 आणि 2000 सालच्या निर्बंधांनी टू-स्ट्रोकचा श्वास कोंडला. आर.एक्स. 100 चे उत्पादन 1996 साली थांबले आणि त्याच वर्षी म्हैसूरचा कारखानाही बंद पडला. येझदीवाल्यांचे गोत्रच उघडे पडले. तेव्हा बुलेटवाल्यांनी जल्लोष करायला हवा होता, नाही का? प्रत्यक्षात काय झाले ते मी पाहिले आहे. अण्णांच्या येझदीचा एक भाग मिळेना, तर काका तीन शनिवार एस.टी.ने पुण्याला जाऊन नाना पेठेतली दुकाने धुंडाळत होते. शेवटी एका जुन्या मिस्त्रीच्या फळीवर तो सापडला. काकांनी तो अण्णांच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "घे. तुझा डास मेला तर मी हरवू कोणाला?"

बुलेटचेही दिवस तेव्हा बरे नव्हते. 2000 च्या सुमारास महिन्याला जेमतेम दोन हजार गाड्या खपत आणि मालकीची आयशर कंपनी हा धंदा बंद करावा का, या विचारात होती. सिद्धार्थ लाल या तरुण वारसदाराने मुदत मागून घेतली. गियर हळूहळू डाव्या पायाकडे आला, ओतीव लोखंडाचे जुने इंजिन जाऊन नवे आले, 2009 साली 'क्लासिक' निघाली आणि खपाचे चित्र पालटले. जुने बुलेटवाले मात्र कुरकुरले, की धडधडीतला प्राण गेला. काकाही त्यांतलेच. माझे मत विचाराल, तर गाडी रस्त्यात तेल गाळीनाशी झाली यातच मी समाधानी आहे.

चपळ बाजूचा वारसा मात्र आपल्या दारात आला. 2001 साली पुण्याच्या बजाजने पल्सर काढली आणि पुढे चाकणला ऑस्ट्रियाच्या के.टी.एम.च्या गाड्या बनू लागल्या. याच बजाजने 2017 साली आपल्या डॉमिनार गाडीच्या जाहिरातीत बुलेटवाल्यांसारखे दिसणारे स्वार चक्क हत्तींवर बसवले आणि 'हाथी मत पालो' असा उपदेश केला. विनोद बरा होता. तरी मला तो रुचला नाही. 'म्हैस' हा शब्द अण्णांच्या तोंडी शोभला, कारण घाटात बंद पडल्यावर पान्याची पिशवी कोणाकडून घ्यायची, हे त्यांना ठाऊक होते. विकणाऱ्याच्या तोंडी तोच विनोद टोचतो. बुलेटवाल्यांनी मात्र हत्ती हसत हसत स्वीकारला आणि मिरवलाही, हे सांगितले पाहिजे.

इतिहासाची थट्टा इथेही संपत नाही. इंग्लंडातली एन्फील्डची जुनी प्रतिस्पर्धी ट्रायम्फ. तिची 400 सी.सी.ची गाडी 2023 पासून चाकणला बनते. म्हणजे रेडिचचे आणि कॉव्हेंट्रीचे जुने भांडण आता चेन्नई आणि चाकण यांच्यात चालू आहे. जावा 2018 साली आणि येझदी 2022 साली नव्या अवतारात परतल्या आहेत, पण आता त्याही फोर-स्ट्रोक. अण्णांनी दुकानात जाऊन त्यांचा आवाज ऐकला आणि काही न बोलता बाहेर आले.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले ठिकठिकाणी आपल्या जुन्या गाड्या घेऊन जमतात. गेल्या साली अण्णा भर पावसात निघाले, तेव्हा त्यांच्या मागे काकांची बुलेट होती. सत्तरी ओलांडलेल्या या दोघांना तिथल्या एका पोराने विचारले, "आजोबा, पसरणीत शेवटी जिंकलं कोण?" दोघांनीही एकाच वेळी आपापल्या छातीवर हात ठेवला आणि चहा येईपर्यंत वाद चालला.