नाव तेच, गाडी दुसरी: आरएक्स-१०० आणि तिच्या चाहत्यांचा राग

आजचा भाग पेट्रोलच्या वासाचा आहे. घरात, हॉस्टेलवर, एसटीत बसून ऐकत असाल तर उत्तम. गाडी चालवताना कानात हेडफोन असेल तर आधी बाजूला थांबा.

सुरुवात लांबून करतो. जानेवारी २०१९, अमेरिकेतलं डेट्रॉइट शहर. टोयोटानं नवी सुप्रा दाखवली. आधीची सुप्रा, म्हणजे १९९३ ची, २००२ मध्ये बंद झाली होती. मधल्या काळात 'फास्ट अँड द फ्युरिअस'मुळे ती केशरी गाडी जगभरच्या पोरांच्या भिंतीवर जाऊन बसली. सतरा वर्षं वाट बघून नवी आली, आणि चाहते खूश व्हायच्या ऐवजी भडकले! कारण? इंजिन बीएमडब्ल्यूचं. आतली बटणं बीएमडब्ल्यूची. गाडी तयार व्हायची ऑस्ट्रियातल्या ग्राट्समध्ये. वर मॅन्युअल गिअरच नाही. नाव सुप्रा, बाकी सगळं पाहुण्याचं, असा सूर लागला. टोयोटाचं म्हणणं साधं होतं: एकट्यानं असलं इंजिन बनवायला गेलो असतो तर गाडी झालीच नसती.

आता तुम्ही म्हणाल, सोलापूरला सुप्राचं काय? बरोबर आहे. सात रस्त्यावर सुप्रा दिसली तर ट्रॅफिकच थांबेल. पण हेच नाटक आपल्याकडे त्याच्या वीस-बावीस वर्षं आधी होऊन गेलंय. चार चाकांवर नाही, दोन चाकांवर. कंपनी जपानीच. गाडी यामाहा आरएक्स-१००.

ज्यांचा जन्म २००० नंतरचा आहे त्यांना १९८० च्या आसपासचा रस्ता डोळ्यासमोर आणावा लागेल. बजाजची स्कूटर, तिच्यासाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेली माणसं. मोटरसायकल म्हणजे बुलेट, येझदी किंवा राजदूत. सगळ्या जड, सगळ्या जुन्या डिझाइनच्या. मग सरकारनं परदेशी कंपन्यांशी भागीदारीला वाट दिली आणि दोन-तीन वर्षांत चार जपानी नावं भारतात उतरली. १९८४ ला इंड-सुझुकी. १९८५ ला हिरो होंडा सीडी-१००. त्याच वर्षाच्या शेवटी, एस्कॉर्ट्सच्या भागीदारीत, यामाहा आरएक्स-१००. १९८६ ला कावासाकी बजाज केबी-१००. चारही शंभर सीसीच्या.

यातली होंडा ही शहाणी मुलगी. फोर-स्ट्रोक, पेट्रोल कमी, आवाज कमी, ताकद सात-साडेसात हॉर्सपॉवर. आरएक्स-१०० मात्र ९८ सीसीत ११ हॉर्सपॉवर काढायची, आणि वजन शंभर किलोच्या आसपास. आज हे आकडे ऐकून हसू येईल. पण त्या काळी दीडशे-पावणेदोनशे सीसीच्या जड धुडांच्या शेजारी सिग्नलवर ही उभी राहायची आणि सिग्नल सुटला की दिसायचीच नाही. सुरुवातीच्या गाड्या जपानहून सुट्या भागांत येऊन इथं जोडल्या जायच्या. आजही जुना माल विकणारा 'जपान इंजिन आहे' असं म्हणाला की किंमत लगेच वर सरकते.

सोलापूरला ही गाडी का मानवली, याचा माझा एक अंदाज आहे. आपला मुलूख सपाट, रस्ते सरळ, अंतरं मध्यम. अक्कलकोट, पंढरपूर, मोहोळ. सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायची गावं. तुळजापूरला जाताना शेवटी तो घाट, तिथं तिघं बसलेले असले (बसू नये, पण बसायचे) तरी ही गाडी कुरकुरायची नाही. आणि दुसरं, सोलापूरचा कान. ज्या शहरात गल्लीगल्लीत यंत्रमाग चालतात, तिथं मशिनच्या आवाजावरून मशिनची तब्येत सांगणारी माणसं असतात. आरएक्सचा आवाज लांबून ऐकून 'पिस्टन गेलाय बे' म्हणणारे मेस्त्री इथं सहज तयार झाले यात मला काही नवल वाटत नाही.

त्या आवाजाचं कारण समजून घ्या, कारण पुढचं सगळं भांडण त्याच्यावरच आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्ये दर फेरीला एक. म्हणून तेवढ्याच आकाराचं इंजिन जास्त ताकद देतं, आणि आवाज तुटक न येता सलग, चिडलेल्या गांधीलमाशीसारखा येतो. पण यात एक लबाडी आहे. टू-स्ट्रोकमध्ये नवं पेट्रोल आत येतं तेव्हाच जुना धूर बाहेर जात असतो, आणि त्या गडबडीत थोडं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निसटतं. शिवाय वंगणाचं ऑइलही पेट्रोलबरोबर जळतं. तो निळा धूर, तो वास! आरएक्सवाल्यांना तो अत्तरासारखा वाटतो. मागच्या रिक्षातल्या माणसाला विचारा.

आता मुख्य गोष्ट. १९९६ मध्ये वाहनांच्या धुराचे नियम कडक झाले आणि त्याच वर्षी आरएक्स-१०० चं उत्पादन थांबलं. जागा घेतली आरएक्स-जीनं. इंजिन १३२ सीसीचं. कागदावर सगळं वाढलं होतं: सीसी वाढली, ताकद किंचित वाढली. गिऱ्हाईक शोरूममध्ये गेलं, गाडी काढली, क्लच सोडला... आणि तो झटकाच नाही! नियमात बसावं, पेट्रोल कमी खावं म्हणून इंजिन मवाळ केलं होतं. मोठं इंजिन, पण स्वभाव भित्रा. आरएक्स-१०० च्या माणसाला हा सरळ सरळ दगा वाटला.

इथं मी चाहत्यांच्या बाजूनं थोडा बोलतो. लोक म्हणतात, चाहते आकडे बघत नाहीत, भावनेवर चालतात. आरएक्स-जीच्या वेळी उलटं झालं. आकडे कंपनी दाखवत होती, आणि चाहते मनगटानं गाडी मोजत होते. त्यांचं मोजमाप बरोबर होतं, कारण थोड्याच काळात कंपनीनंही ते मान्य केल्यासारखं केलं. आरएक्स-१३५ पाच गिअरसह आली, ताकद १४ हॉर्सपॉवर. आज जुन्या बाजारात त्या 'फाइव्ह स्पीड'ला काय मान आहे ते बघा. आरएक्स-जीकडे मात्र बरेच जण अजूनही 'पार्ट काढायला चालेल' अशाच नजरेनं बघतात. बिचारी. चालवायला वाईट नव्हती ती. तिचा गुन्हा एवढाच, की ती आरएक्स-१०० च्या नंतर जन्मली.

पण आता दुसरी बाजू, आणि ही सोलापूरकरांनी नीट ऐका. १४ ऑगस्ट २००३. सर्वोच्च न्यायालयात दिल्लीच्या प्रदूषणाचा प्रसिद्ध खटला चालू होता. त्यात न्यायालयानं हवेतल्या बारीक धुळीबद्दल काही शहरांना कृती आराखडा करायला सांगितला. नावं वाचा: अहमदाबाद, कानपूर, लखनौ, बंगळुरू, चेन्नई, हैदराबाद. आणि सोलापूर! सगळी महानगरं किंवा राजधान्यांच्या तोडीची शहरं, आणि त्यांच्या पंगतीत आपण. पुढं २०१९ मध्ये केंद्रानं स्वच्छ हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, त्यातही हवेची मर्यादा न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत सोलापूर होतंच.

ही सगळी धूळ आरएक्सनं केली असं मी म्हणत नाहीये. कोरडा मुलूख, उखडलेले रस्ते, ट्रक, कारखाने, बरंच काही आहे. पण ज्या शहराची हवा देशाच्या सर्वोच्च न्यायालयात निघाली, तिथं बसून 'नियमांनी आमची गाडी मारली' म्हणताना जरा घशात अडकायला हवं. ज्या नियमानं आरएक्सला मवाळ केलं, तो नियम आपल्याच छातीसाठी होता. मला स्वतःला तो आवाज अजून आवडतो, आणि तो नियमही योग्य वाटतो. दोन्ही एकदम.

२००१ मध्ये यामाहानं भारतातला सगळा कारभार स्वतःच्या हातात घेतला, आणि २००५ च्या सुमाराला आरएक्स-१३५ ही थांबली. टू-स्ट्रोकची गोष्ट संपली. म्हणजे शोरूममधली संपली. रस्त्यावरची कुठं संपते! २०१८ मध्ये तेलुगूत 'आरएक्स १००' नावाचा सिनेमाच आला. सोलापुरात तेलुगू बोलणारी एवढी घरं आहेत, त्यामुळं गाडी बंद पडून बावीस वर्षं झाल्यावर तिचं नाव पोस्टरवर बघून कुणाला समजावून सांगायची गरज पडली नसावी.

मधल्या पिढीचं भांडण वेगळं. २००८ ला यामाहा आर-१५ आली. २०११ ला तिचं दुसरं रूप आलं: मागची सीट उंच आणि वेगळी, शेपटी वर. पोरं दोन गटांत फुटली. एक म्हणे आता खरी रेसची गाडी वाटते, दुसरा म्हणे मागं बसणाऱ्याला शिडी द्या. पण हा राग आरएक्स-जीसारखा खोल नव्हता. इथं सीट बदलली होती, इंजिनाचा स्वभाव तोच होता.

आणि आता ताजा अध्याय. २०२२ मध्ये यामाहा इंडियाचे तेव्हाचे अध्यक्ष एशिन चिहाना यांनी आरएक्स-१०० हे नाव परत आणण्याचा विचार बोलून दाखवला. लगेच मोबाईलवर खोटे फोटो, खोट्या किमती, 'बुकिंग सुरू'चे मेसेज. पण चिहाना यांचं म्हणणं कुणी नीट वाचलं नाही. त्यांचा मुद्दा असा होता, की त्या गाडीची जादू तिचं रूप, हलकेपणा, ताकद आणि आवाज यात आहे. आजच्या बीएस-सिक्समध्ये टू-स्ट्रोक शक्य नाही. फोर-स्ट्रोकमध्ये तसा जोर हवा तर किमान २०० सीसी लागतील, आणि तरी तो आवाज येणार नाही. म्हणजे कंपनीच्या वरिष्ठ माणसालाच चाहत्यांची भीती आहे! आरएक्स-जीचा धडा कुणीतरी वहीत लिहून ठेवलेला दिसतोय.

सुप्राचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. २०२२ मध्ये टोयोटानं तिला मॅन्युअल गिअर दिला. ओरडा ऐकला म्हणायचा. इंजिन बीएमडब्ल्यूचंच राहिलं.

इकडं जुन्या आरएक्सवाल्यांचं गणित कागदावर येऊन थांबतं. एमएच-१३ ची पाटी असलेली सगळ्यात नवी आरएक्स-१३५ सुद्धा आता पंधरा वर्षांच्या पुढं गेली. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पुन्हा करायची, पर्यावरण कर भरायचा, तपासणी करून घ्यायची. एप्रिल २०२२ मध्ये दुचाकीच्या फेरनोंदणीची फी ३०० वरून १,००० रुपये झाली होती. ज्यांनी कागद जिवंत ठेवलेत त्यांच्या गाडीला आज सोन्याचा भाव. ज्यांनी कंटाळून भंगारात दिली, ते आता दुसऱ्याची बघून हळहळतात.

तुमच्या घरात, वाड्यात, गोठ्यात अशी एखादी उभी असेल तर आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. किक मारून आवाजासकट. आणि कुणाकडं चालू हालतीतली आरएक्स-जी असेल, तर आधी त्याची पाठवा. तिचं कुणी ऐकलंच नाहीये.