थ्री नॉट थ्रीची कुळकथा

नळीच्या ०.३०३ इंच व्यासावरून भारतीय पोलिसांत 'थ्री नॉट थ्री' या नावाने रूढ झालेल्या ली-एनफिल्ड रायफलीचा मूळपुरुष जेम्स पॅरिस ली हा स्कॉटलंडात जन्मलेला, कॅनडात वाढलेला आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेला संशोधक होय. १८७९ मध्ये त्याने पेटंट घेतलेल्या मॅगझिनमध्ये, म्हणजे बोल्टखाली बसवलेल्या सुट्या पेटीत, काडतुसे एकावर एक रचलेली असत. नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा, म्हणजे बोल्ट, त्याच्या रचनेत मागच्या टोकाकडील कंगोऱ्यांनी अडकत असे. अशी पकड पुढच्या पकडीइतकी भक्कम नसते, हा आक्षेप खराच. परंतु बोल्ट थोडाच मागे ओढावा लागत असल्याने गोळ्या झपाट्याने झाडता येत, आणि रायफलीची पुढची सारी कीर्ती या गुणावर उभी राहिली.

१८८८ मध्ये ब्रिटिश सैन्याने या यंत्रणेला विल्यम मेटफर्डने आखलेली नळी जोडली. गोळीला गिरकी देऊन तिची दिशा स्थिर राखणाऱ्या नळीतील सर्पिल खाचा मेटफर्डने उथळ व गोलसर ठेवल्या होत्या, कारण काळ्या दारूची काजळी त्यांत कमी साचे. दुर्दैव असे की, ज्या दारूसाठी हे कौशल्य वेचले ती दारूच मागे पडत चालली होती. कॉर्डाइट ही जवळजवळ धूर न करणारी दारू वापरात येताच तिच्या प्रखर उष्णतेने त्या खाचा झिजू लागल्या. तेव्हा एनफिल्डच्या सरकारी शस्त्रकारखान्यात पाच खोल, चौकोनी कडांच्या खाचांची नळी घडवली गेली, आणि १८९५ मध्ये रायफलीच्या नावातून मेटफर्ड गळून त्या गावाचे नाव आले.

बोअर युद्धात शत्रूच्या माउझर रायफलीत पट्टीतली पाच काडतुसे एका दमात भरली जात, हे ब्रिटिशांना महागात पडून कळले. त्यानंतर तशी सोय करून, नळी पाच इंचांनी आखूड करून, पायदळ व घोडदळ दोघांसाठी एकच रायफल काढण्यात आली, जिचा १९०७ चा मार्क तीन हा प्रकार प्रसिद्ध आहे. तरीही अधिकाऱ्यांचे समाधान नव्हते. माउझरच्या धर्तीवरील तिची उत्तराधिकारी १९१३ मध्ये चाचणीसाठी तयारही झाली होती. दुसऱ्याच वर्षी महायुद्ध पेटल्याने तो बेत बारगळला आणि निवृत्त व्हायची ती रायफल लाखोंनी बनू लागली.

बंगालमधील इशापूर येथेही तिचे उत्पादन होई, आणि १९६० च्या दशकात तिथेच ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसांसाठी तिची नवी आवृत्ती निघाली. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यात छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित रायफलींसमोर उभ्या ठाकलेल्या काही पोलिसांपाशी थ्री नॉट थ्रीच होती.