मेण, चरबी आणि तीन शिलिंग

या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरात एक फतवा निघाला. मुलांच्या हातातला मोबाईल काढायचा आणि त्याऐवजी काहीतरी "हाताने करायचं" काम द्यायचं. किल्ला करून झाला होता, त्यावरचे मावळे दोनदा लढून झाले होते आणि धाकट्याने शेजारच्या मांजराला किल्लेदार नेमून पाहिलं होतं. आता काय? तेवढ्यात आठवलं, महाबळेश्वरहून येताना मधाच्या बाटल्यांबरोबर मी अर्धा किलो मेण आणून ठेवलंय. खरं मेण, मधमाश्यांचं. पिवळी ढेप आणि सोबत षटकोनी छाप उठवलेले मेणाचे दहा-बारा पातळ पत्रे. का आणलं होतं ते विचारू नका. आमच्याकडे सोल्डरिंग गन आणि टेलिस्कोपसुद्धा अशीच आलेली आहे.

तर मेणबत्त्या करायच्या ठरलं.

पत्र्यांची मेणबत्ती म्हणजे अगदी सुरळीची वडी. पत्रा थोडा उन्हात ठेवून मऊ करायचा, कडेला वात ठेवायची आणि घट्ट गुंडाळत न्यायचं. विस्तव नाही, चटके नाहीत. सहा वर्षांच्या पोरालाही जमतं. हे पत्रे खरं तर मेणबत्तीसाठी नसतातच. १८५७ साली जर्मनीतल्या योहानेस मेहरिंगने असे छापाचे पत्रे पहिल्यांदा तयार केले, ते माश्यांसाठी. मेण करणं माश्यांना महाग पडतं. कामकरी माशी पोटाखालच्या ग्रंथींतून ते बारीक पापुद्र्यांच्या रूपात काढते, आणि किलोभर मेणासाठी साधारण सहा ते आठ किलो मध खर्ची पडतो असं मानतात. मग आयता पाया दिला तर तेवढा मध वाचतो. म्हणजे मधमाश्यांना लिहून दिलेली लायब्ररी म्हणा ना!

ढेपेचं प्रकरण मात्र आमच्या अंगाशी आलं. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात छोटं पातेलं, त्यात मेण. हे बरोबर होतं (मेण साठ-पासष्ट अंशांना वितळतं, थेट गॅसवर कधीही ठेवू नये). चुका दोन केल्या. वात म्हणून समईची वात घातली. ती इतकी बारीक निघाली की ज्योत जेमतेम दोन मिनिटं टिकली आणि स्वतःच वितळवलेल्या मेणात बुडून गेली. आणि साचा म्हणून स्टीलचा पेला घेतला. मेण पेल्याला असं चिकटून बसलं की शेवटी पेला फ्रीजमध्ये, मग गरम पाण्यात, मग पुन्हा फ्रीजमध्ये. बायको काही बोलली नाही. नुसती पेल्याकडे बघत राहिली.

रात्री वाचताना कळलं, की या चुकीला मोठी परंपरा आहे. जुने मेणबत्तीवाले खऱ्या मेणासाठी साचा वापरतच नसत. वाती वर टांगून ठेवायच्या, पळीने मेण ओतत ओतत जाड करायच्या आणि गरम असतानाच फळीवर लाटून गुळगुळीत करायच्या. दुसऱ्या दिवशी आम्ही दोऱ्याचे तीन पेड घालून वात केली, ती मेणात बुडवली, वर काढली, गार केली, पुन्हा बुडवली. वीस-पंचवीस वेळा. धाकट्याचा उत्साह आठव्या बुडवणीला संपला, मोठीचा पंधराव्या. उरलेल्या आजोबांनी केल्या.

या वाचनातच मला तो कायदा सापडला. १७०९ साली ब्रिटिश संसदेने मेणबत्तीवर कर बसवला. युद्ध चालू होतं, पैसा हवा होता, आणि उजेड काय, सगळ्यांनाच लागतो. खऱ्या मेणाच्या मेणबत्तीवर चरबीच्या मेणबत्तीच्या आठपट कर. इथवर ठीक आहे, सरकारं असंच करतात (त्याच देशात खिडक्यांवरही कर होता, १६९६ ते १८५१). पण कर चुकवू नये म्हणून आणखी एक कलम घातलं. परवाना काढून कर भरल्याशिवाय घरी मेणबत्त्या करायच्या नाहीत! म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात जे चाललं होतं तो तिथे चक्क गुन्हा होता, आणि तो कर १८३१ पर्यंत, म्हणजे सव्वाशे वर्षांच्या जवळपास टिकला. मोठीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, मग ज्यांच्याकडे परवाना नव्हता ते काय करायचे? अंधारात बसायचे?"

प्रश्न रास्त होता.

आधी हे सांगायला हवं, की मेण हे तिथे कधीच सगळ्यांचं नव्हतं. चर्च, राजवाडे आणि सरदार-दरकदार, इतकंच त्याचं गिऱ्हाईक. बाकीच्यांसाठी गाई-मेंढ्यांची चरबी. ती धुरकट जळायची, वास मारायची आणि तिची काजळलेली वात सारखी कात्रावी लागायची. लंडनमध्ये या दोन मालांच्या कारागिरांचे संघसुद्धा वेगळे होते. चरबीवाल्यांना १४६२ मध्ये राजाची सनद मिळाली, मेणवाल्यांना १४८४ मध्ये. दोन्ही संघ आजही आहेत.

आपल्याकडे हा प्रश्न या रूपात आलाच नाही, कारण आपण तेलाचे लोक. तीळ, एरंड, करंज, कोकणात खोबरेल. मेण आपण मूर्ती ओतायला वापरलं. चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मेणाची मूर्ती करून त्यावरून धातूची कशी ओतायची याची पद्धत दिलेली आहे. आणि वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, बाहुल्या अजून विकल्या जातात. गंमत म्हणजे आपण 'मेणबत्ती' म्हणतो ती बहुतेक वेळा पॅराफिनची, म्हणजे खनिज तेलाची. मेण गेलं, नाव राहिलं. असो.

तर मोठीच्या प्रश्नाचं उत्तर. कायद्यात एक फट होती. लव्हाळ्यासारखी जी गवताची काडी ओढ्याकाठी वाढते, ती सोलून, तिचा आतला गर चरबीतून एकदाच बुडवून काढायचा, विकायचा नाही, स्वतःच्याच घरात जाळायचा. असं केलं तर कर माफ. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या लाखो गरिबांचा उजेड या एका अपवादावर चालला.

या काडीच्या दिव्याचं सगळ्यात चांगलं वर्णन गिल्बर्ट व्हाइट नावाच्या पाद्र्याने करून ठेवलंय. हा हॅम्पशायरमधल्या सेलबोर्न गावचा. अविवाहित, बागेत रमणारा, पक्षी, गांडुळं, पाऊस सगळ्याच्या नोंदी ठेवणारा. त्याचं पुस्तक १७८९ साली आलं, पण काडीच्या दिव्याचं पत्र आहे १ नोव्हेंबर १७७५ चं. तो लिहितो, की काड्या गोळा करण्याचं काम थकलेले मजूर, बायका आणि मुलं करत. उन्हाळ्यात काडी काढायची, लगेच पाण्यात टाकायची, नाहीतर साल निघत नाही. साल सोलताना एक बारीक पट्टी उभी ठेवायची, गराला आधार म्हणून. मग काही रात्री दवात, मग उन्हात. चरबी कुठली? डुकराचं मांस उकळताना वर येते ती, बायका जपून ठेवत. आणि हे वाचून मी उडालोच, ज्याच्याकडे मधमाश्या आहेत त्याने चरबीत थोडं मेण मिसळावं, काडी स्वच्छ आणि जास्त वेळ जळते, हेही त्याने लिहून ठेवलंय.

पण माझ्यासारख्या एक्सेलवाल्याचा जीव अडकला तो पुढच्या भागात. हा गृहस्थ काड्या मोजतो! एक पौंड वाळलेल्या काड्यांत १६०० पेक्षा जास्त नग भरले. सव्वादोन फुटांहून थोडी लांब एक काडी त्याने घड्याळ लावून जाळली, ५७ मिनिटं टिकली. पण हिशेबाला तो सावधपणे सरासरी अर्धाच तास धरतो. म्हणजे ८०० तास. पौंडभर काड्या १ शिलिंग, त्यांना लागणारी सहा पौंड चरबी ४ पेन्स दराने २ शिलिंग. एकूण ३ शिलिंग. शिलिंगचे १२ पेन्स, पेन्सचे ४ फार्दिंग, म्हणजे १४४ फार्दिंग. एका फार्दिंगला साडेपाच तास उजेड. मी शीटमध्ये घालून बघितलं, ५.५५ आलं. अडीचशे वर्षांपूर्वीचा बेंचमार्क, आणि तो जुळतो!

त्यानंतर व्हाइट एक शेरा मारतो. अगदी गरीब लोक हिशेबात सगळ्यात कच्चे, म्हणून ते गरीबच राहतात. ते रोज संध्याकाळी अर्ध्या पेनीची मेणबत्ती घेतात, त्यांच्या वारा खेळणाऱ्या खोल्यांत ती जेमतेम दोन तास जळते. त्याच पैशात अकरा तास मिळाले असते.

हे मी रात्री जेवताना मोठ्या रंगात सांगितलं. पाच-साडेपाचपट फरक आहे, लोकांना साधं गणित कळत नाही वगैरे. बाबा भाताचा घास तसाच ठेवून ऐकत होते. म्हणाले, "तीन शिलिंग एकदम द्यायचे ना?"

"हो. पण ते आठशे तास पुरतात."

"ते कळलं रे. पगार किती होता त्यांचा?"

मी बघितलं. शेतमजुराची आठवड्याची मजुरी तेव्हा दक्षिण इंग्लंडमध्ये सात-आठ शिलिंगच्या आसपास होती. म्हणजे जवळजवळ अर्ध्या आठवड्याची कमाई, नुसत्या उजेडासाठी, आगाऊ.

बाबा हसले नाहीत. म्हणाले, "आमच्याकडे रॉकेल बाटलीने यायचं. कधी अर्धी बाटली. डबा घेतला असता तर बाटलीमागे पैसे वाचले असते, हे माझ्या आईला तुझ्यापेक्षा जास्त चांगलं माहीत होतं. पण डब्याचे पैसे एका दिवशी हातात असणार कुठून? दुकानदारही म्हणायचा, वहिनी, डबा न्या, स्वस्त पडेल. आई नुसती मान डोलवायची आणि बाटली पुढे करायची."

संगमेश्वर तालुक्यातलं आमचं गाव. साठच्या दशकातली गोष्ट. घरात एक कंदील आणि एक चिमणी. कंदील स्वयंपाकघरात, चिमणीवर तीन भावंडांचा अभ्यास. बाबांचं आवडतं वाक्य आहे, "आम्ही चिमणीच्या उजेडात शिकलो", आणि ते मी इतक्या वेळा ऐकलंय की त्यातली चिमणी मला कधी दिसलीच नव्हती. आठ वाजता आजी ती विझवायची, हे मला परवा पहिल्यांदा कळलं. पान अर्धं राहिलं असेल तरी.

"मग उरलेलं पान?" मोठीने विचारलं.

"पहाटे. उजाडल्यावर पायरीवर बसून."

मी व्हाइटवर रागावलो नाही. त्याने काड्या मोजल्या म्हणून तर आज आपल्याला ते घर दिसतं. पण आठशे तासांचा हिशेब ज्याच्या कपाटात तीन शिलिंग पडून आहेत त्यालाच लागू होतो, हे त्याच्या स्तंभांत कुठे बसलं नाही. माझ्याही शीटमध्ये नव्हतं. आम्ही क्लाउडचे सर्व्हर तीन वर्षांसाठी आगाऊ पैसे भरून स्वस्तात घेतो आणि त्याला शहाणपण म्हणतो. छोटी कंपनी तेच तासाच्या भावाने घेते आणि जास्त भरते, ती काही मूर्ख नसते.

रविवारी संध्याकाळी दिवे बंद करून आमच्या मेणबत्त्या लावल्या. मुलांना मी फॅरडेची युक्ती दाखवली. मायकेल फॅरडेने १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये खास मुलांसाठी सहा व्याख्यानं दिली, सगळी एका मेणबत्तीवर. त्यातला हा प्रयोग. मेणबत्ती हलकेच फुंकायची, वातीतून पांढरा धूर वर येतो, त्या धुराला वरूनच पेटती काडी लावायची. ज्योत धुरावरून उडी मारून खाली वातीवर येते. कारण तो धूर म्हणजे मेणाची वाफ, आणि जळते ती वाफच, मेण नाही. आमच्याकडे हा प्रयोग चाळीस वेळा झाला. काडेपेटी संपली.

मग मोठीने मोबाईलवर स्टॉपवॉच लावला (फतवा तिथेच संपला) आणि सुरळीवाली मेणबत्ती किती वेळ जळते ते मोजायला बसली. मधाचा मंद वास होता, ओघळ जवळपास नाही. बाबांनी खुर्ची ओढून जवळ घेतली, उशालचं पुस्तक आणलं आणि त्या उजेडात वाचता येतंय का ते बघू लागले. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून ते रात्री वाचत नाहीत.

नऊला मी दिवे लावायला उठलो. "थांब," ते म्हणाले, "हे पान होऊ दे."