वाऱ्याचं तुफान, पाण्याचं तुफान

मराठीत तुफान म्हटलं की सुसाट वारा आठवतो. अरबीत मात्र हा शब्द पुराचा आहे. हजरत नूह यांच्या काळातलं तुफान म्हणजे महापूर. दोन्ही भाषा शिकवताना हा फरक मी मुलांना नेहमी सांगतो. जत्रेतल्या लोखंडी पाळण्यांनाही तो लागू पडतो. वारा पाळणा पाडतो ते सगळ्यांना दिसतं. साचलेलं पाणी त्याला आतून खातं, ते दिसत नाही.

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात २००० साली जॅझलँड नावाचं मोठं मनोरंजन उद्यान उघडलं. २००३ पासून ते सिक्स फ्लॅग्ज कंपनीच्या नावाने चालू लागलं. जागा सखल, म्हणून भोवती सहा फूट उंच मातीचा बांध घातला होता. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळ आलं, पाणी उपसणारे पंप बंद पडले आणि पाणी बाहेर थोपवणाऱ्या त्याच बांधाने ते आत कोंडून ठेवलं. चार ते सात फूट मचूळ पाणी महिनाभराहून अधिक काळ साचून राहिलं. पाळण्यांना गंजाने खाल्लं. उद्यान पुन्हा उघडलंच नाही. सांगाडे वर्षानुवर्षं तसेच उभे राहिले. पाडकाम सुरू व्हायला २०२४ उजाडलं.

एकच मोठा रोलर कोस्टर जवळपास धड राहिला, तो म्हणजे 'बॅटमॅन'. त्याचा फलाट उंचावर होता आणि खांब सहजी गंज न धरणारे होते. तो सुटा करून टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोला नेला आणि २००८ साली 'गोलायथ' नावाने पुन्हा सुरू झाला. उंचावर होता म्हणून वाचला आणि सुटा करता आला म्हणून पुन्हा कामी आला.

आपल्या खानदेशात ही समज जुनीच आहे. धुळ्यात पांझरेच्या काठी एकवीरा देवीची यात्रा चैत्रात भरते, नदी आटलेली असते तेव्हा. पाळणेवाले ट्रकमधून सांगाडा आणतात, बोल्ट आवळून उभा करतात आणि यात्रा संपली की खोलून पुढच्या गावाला जातात. नदीचा राग धुळ्याला ठाऊक आहे. १८१८ नंतर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी हे शहर सरळ रस्त्यांनी नव्याने आखलं. फरिश्ताचा फारसी इतिहास इंग्रजीत नेणारे ते हेच. पण सरळ आखलेल्या त्या शहराचीही १८७२ च्या पुराने मोठी हानी केली. अलीकडे ३१ ऑगस्ट २०२१ रोजी जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी शिरलं.

आता आपल्या उरुसांचं पाहू. चैत्रातली यात्रा दरवर्षी उन्हाळ्यातच येते. हिजरी तारखेने भरणारा उरूस मात्र दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०२५ मध्ये डिसेंबरच्या अखेरीस सुरू झालेला रजब २०३३ च्या सुमारास सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होईल. ज्या नदीकाठच्या मैदानावर वाडवडिलांनी हिवाळ्यात निर्धास्तपणे पाळणे लावू दिले, तेच मैदान त्या वर्षी पाण्याखाली असू शकतं. 'इथं आजवर कधी पाणी आलं नाही' हे म्हणणं तेव्हा पुरेसं नाही, कारण पाण्याच्या दिवसांत आपण तिथे उरूस भरवलेलाच नसतो.

म्हणून उरूस कमिट्यांनी आतापासून उंचावरची जागा हेरून ठेवावी. मैदानात पाणी शिरलंच, तर पाळणा वरून कोरडा दिसतो म्हणून लगेच फिरवू नये. पायाखालची माती, मोटार, बेअरिंग आणि वायरिंग जाणकाराकडून तपासून घ्यावी. त्या दिवसांचं जागाभाडं पाळणेवाल्याला माफ करावं. भाड्याच्या ओझ्याने तो घाई करतो, आणि त्या पाळण्यात आपलीच लेकरं बसलेली असतात.